गिऱ्हाईकाची जागा

कर्वेनगर, पुणे
११ नोव्हेंबर २०२४

जयसिंगा,

फाडायचंच असेल तर हे पत्र वाचून फाड. मी काही मागायला लिहीत नाहीये. म्हणजे मागायलाच लिहितोय, पण फक्त सल्ला. तो तुझ्याकडे पोतंभर असायचा आणि न मागता मिळायचा.

अक्षर ओळखलं नसशील. वर्षभर उजवा हात थरथरतोय. निम्म्या सदाशिव पेठेच्या पाट्या ज्या हातानं रंगवल्या, त्या हातात आता चहाची बशी वाजते. त्या पाट्यांवरचा शहाणपणा मालकांचा होता, अक्षर माझं होतं, असं मी अजूनही सांगत फिरतो, पण आता कोणी विचारत नाही. डॉक्टर म्हणाले, हाताला काम द्या. सूनबाईंनी ते मनावर घेतलं. शेफालीनं एकदा काही मनावर घेतलं की सुटका नाही. सदाशिव पेठेत एका दवाखान्याच्या वर ऑइल पेंटिंगचा क्लास आहे, तिथं माझं नाव घातलं. वय वर्षं सत्तर. हसून घे.

शिकवणारी मुलगी सव्वीस वर्षांची, सलोनी नाव. पहिल्या दिवशी मला म्हणाली, "काका, आधी कधी ब्रश धरलाय का?" मी म्हटलं, बाई, तुझ्या वडिलांनी पाटी धरली नसेल तेव्हापासून. मग सांगावंच लागलं. मी आणि जयसिंग फोटो स्टुडिओचे पडदे रंगवायचो, गिऱ्हाईकाच्या पाठीमागं लावायचे ते. डोंगर, तळं, आभाळ जयसिंगचं. पुढचा कठडा, कुंड्या आणि सगळी अक्षरं माझी. गिऱ्हाईकांना बर्फ हवा असायचा, म्हणून जयसिंगनं खडकवासल्यात बसून जन्मात न पाहिलेला हिमालय शंभर वेळा काढला. सलोनी खूप हसली. मग विचारलं, "आता कुठे असतात ते?" म्हटलं, खडकवासल्याला. "अय्या, मग जवळच की!"

पीएमटीच्या एका बसचं अंतर, आणि मी पोस्टाचं तिकीट चाटतोय. पण फोन तू उचलत नाहीस, आणि दारात उभं राहायचं माझं तोंड नाही.

फेब्रुवारीत क्लासचं प्रदर्शन आहे. प्रत्येकानं एक चित्र द्यायचं. बाकीचे फुलदाण्या काढतायत. मी म्हणून बसलो, डोंगर काढणार. धरणाच्या पाण्यापलीकडचा सिंहगड. बोललो खरं, पण आयुष्यात कुंडीच्या पलीकडं गेलो नाही मी. सुरुवात कुठून करायची तेवढं सांग.

आणि एक. तुझ्या ऋतुजाच्या साखरपुड्याला जे झालं, त्याबद्दल तेव्हाही सांगितलं होतं, पुन्हा सांगतो. हॉलमध्ये लागलेल्या त्या फ्लेक्सवरून तुझं नाव छापणाऱ्या ऑपरेटरनं उडवलं. ऑर्डर माझ्या नावावर होती म्हणून त्यानं खाली माझं टाकलं. अठरा वर्षं झाली, जयसिंगा. माझी बायको गेली तेव्हा तू आला नाहीस, मी मनाला लावून घेतलं नाही. घेतलं, पण बोललो नाही. आता मला तुझ्याशी बोलायचंय.

मुक्तावहिनींना नमस्कार.

संपत


२८ नोव्हेंबर २०२४

जयसिंगा,

उत्तर नाही. ठीक आहे. लिहिणं माझ्या हातात आहे, थरथरत्या का होईना.

परवा खडकवासल्याला येऊन गेलो. तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलो होतो. कोपऱ्यावरच्या दुकानातून उगाच एक काडेपेटी घेतली आणि परत फिरलो. सिगारेट सोडून वीस वर्षं झालीत, काडेपेटीचं काय करू मी?

तर काम. सलोनीनं सांगितलं होतं की रंगाला हातच लावायचा नाही. आधी जुन्या लग्नपत्रिकेला मधोमध चौकोनी खिडकी कापायची, एक डोळा मिटायचा आणि त्या खिडकीतून बघत बसायचं. "जे खिडकीत नाही ते जगात नाही, काका." मी धरणाच्या चौपाटीच्या भिंतीवर दीड तास पत्रिका धरून बसलो. शेजारी कणसं भाजणारी बाई मला म्हणाली, "लग्न कुणाचं हाय?" म्हटलं, डोंगराचं.

मग वहीत काडेपेटीएवढी रेखाटनं करायची. दहा-बारा. त्यात रंग नाही, नुसता काळोख आणि उजेड. जवळचं गडद, लांबचं फिकट. पाणी, पाण्यापलीकडची झाडी, त्यामागची टेकडी, आणि सगळ्यात मागं गड, जवळजवळ आभाळात मिसळलेला. तू हे कुणाकडून शिकला होतास रे? मला आठवतंय, मागच्या डोंगराच्या रंगात तू आभाळाचा निळा आणि चिमूटभर पांढरा टाकायचास आणि म्हणायचास, "लांबचं माणूस असंच दिसतं, संपत, जरा निळं." मी कुंडीला लाल रंग देत हसायचो.

पण आमची गाडी अडली. चार शंका आहेत. एक, पाण्याची रेघ कुठं घ्यायची? मी बरोबर मधोमध घेतली तर चित्राचे दोन तुकडे पडल्यासारखं दिसतंय. दुसरं, उजवीकडं एक झाड घालावं वाटतंय, तिथं नाहीये पण बरं दिसेल. तिसरं, गडावरचा टीव्हीचा टॉवर. तो काही शोभेचा नाही. तू पडद्यात गाळला होतास, म्हणून मीही गाळलाय. चौथी शंका विसरलो.

सगळ्यात बरं रेखाटन सोबत पाठवतोय. बरं म्हणजे बाकीच्यांपेक्षा.

संपत


१९ डिसेंबर २०२४

जयसिंगा, जयसिंगा,

पोहोचलं! पाकिटावर पत्ता वहिनींच्या अक्षरात होता, म्हणून आधी दोनदा उलटून बघितलं. म्हटलं, तुला काही झालं की काय. उघडलं तर माझंच रेखाटन. आणि त्यावर सुताराच्या जाड पेन्सिलीच्या रेघा. ती पेन्सिल जगात दुसरा चित्रकार वापरत नाही. चिठ्ठी नाही, शब्द नाही. नसू दे. मी शेफालीला हाक मारून दाखवलं, ती म्हणाली, "बाबा, यात रडण्यासारखं काय आहे?" म्हटलं, कांदा चिरत होतो. ती म्हणाली, कांदा मी चिरतेय.

तू पाण्याची रेघ खाली आणलीस, तिसऱ्या हिश्श्यावर. लगेच गड उंच झाला. झाडावर फुली मारलीस. ते अपेक्षितच होतं. पण टॉवर? टॉवर तू घातलास! एक उभी रेघ, एवढीशी. ते मला कळलं नाही. पडद्यात तूच तो गाळला होतास.

त्याप्रमाणे कॅनव्हासवर आखलं. दोन फूट बाय तीन. पहिला हात टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या विटकरी रंगाचा, मग गडद जागा, मग आभाळ. आभाळ बरं जमलं. थरथरत्या हाताचा ढगाला फायदा होतो.

मग सलोनी मागं येऊन उभी राहिली. म्हणाली, "काका, सगळं छान आहे, पण मध्ये काहीच का नाहीये?"

मी बघितलं. खरंच नव्हतं. गड डावीकडं, टेकडी उजवीकडं, झाडी दोन्ही कडांना, आणि मधोमध माणसाएवढी जागा नुसती धुक्याची. माझ्या लक्षातही आलं नव्हतं. तूच शिकवलेलं, "गिऱ्हाईकाच्या डोक्यातून डोंगर उगवला नाय पायजे. मधी गिऱ्हाईकाची जागा." तीस वर्षं आपण मधली जागा सोडत आलो. नवराबायको, मुंजीचे बटू, पहिल्या वाढदिवसाची पोरं, सगळी तिथं उभी राहून गेली. आता गिऱ्हाईक नाही, तरी माझा हात जागा सोडतोय. तुझ्या रेखाटनात बघितलं तर तू माझा गड सरकवलेला नाहीस. मुद्दाम का? की तुझ्याही नजरेला ते खटकलं नाही?

सलोनीला सगळं सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "मग आता तिथे काय हवंय तुम्हाला?"

म्हटलं, जयसिंगला विचारतो. तू सांग.

संपत


२० डिसेंबर २०२४

जयसिंग,

कालचं पत्र पेटीत टाकलं आणि रात्रभर त्या टॉवरचा विचार केला. गाळलेलं तुला आता चालत नाही, असंच ना? मग हे घे.

ऑपरेटरनं काही केलं नाही. मी केलं.

ज्याच्या फोटोवरून तो फ्लेक्स छापला, तो पडदा भंगारात गेला असं तुला सांगितलं, तेही खोटं. स्टुडिओ बंद झाला तेव्हा मी तो रिक्षात घालून घरी आणला. बर्फ नसलेला तुझा एकमेव पडदा. स्टुडिओवाल्याला हिमालय हवा होता आणि तू हट्टानं सिंहगड दिला होतास, घरासमोरचा, जसा आहे तसा. टॉवर सोडून. कोपऱ्यात 'जयसिंग'. ते नावही मीच लिहिलेलं, कारण अक्षराला तू कधी ब्रश लावायचा नाहीस. "ते संपतचं काम हाय" म्हणायचास.

तेव्हा फ्लेक्स आला होता आणि ब्रशवाल्यांना कोणी दारात उभं करेना. मला वाटलं, ह्या पडद्याचा फोटो काढून छापून द्यावा, लग्नाचे हॉलवाले घेतील, आपलं दुकान राहील. आपलं म्हणत होतो. फोटो काढायच्या आधी हिरवा रंग घेतला आणि तुझ्या नावावर फिरवला. कुणी सांगितलं नव्हतं. कुणी बघत नव्हतं. मग छापताना खाली 'संपत आर्ट्स' घालायला सांगितलं, फोन नंबरसकट.

का केलं ते अठरा वर्षं स्वतःलाही नीट सांगितलं नाही. लोक म्हणायचे, काय पडदा आहे, जयसिंगचा असणार. कठडा संपतचा, असं एका माणसानं कधी म्हटलं नाही. एकदाही नाही. मला जळायला व्हायचं, जयसिंगा. तुझ्यासोबत डबा खाताना व्हायचं. एवढंच कारण आहे, आणि ते फार लहान आहे.

ऋतुजाच्या साखरपुड्याला हॉलवाल्यानं नेमका तोच फ्लेक्स लावला. मला माहीत नव्हतं, हे एक खरं मान. मी आत आलो आणि खुर्च्यांच्या मागं तुझा डोंगर, खाली माझं नाव. तू एकदा तिकडं बघितलंस, एकदा माझ्याकडं. मग पाहुण्यांना पेढे वाटत राहिलास. मला पण दिलास. तो पेढा मी खाल्ला, आणि दुसऱ्या दिवशी येऊन ऑपरेटरचं नाव घेतलं. तुझ्या लेकीच्या प्रत्येक फोटोत मागं ते आहे.

हे वाचून पुढची रेखाटनं परत आली नाहीत तरी मी तक्रार करणार नाही.

संपत


२० जानेवारी २०२५

जयसिंगा,

महिना झाला. तक्रार करत नाहीये, नुसता मोजतोय.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी माळ्यावर चढलो. शेफाली खालून ओरडत होती, "बाबा, पडलात तर मी उचलणार नाही!" आणि शिडी घट्ट धरून उभी होती. पडदा तिथंच होता, बांबूला गुंडाळलेला. दोघांनी मिळून हॉलमध्ये उलगडला. सोफा बाहेर काढावा लागला.

आता तुला एक धंद्यातली गोष्ट सांगतो. तुझ्या नावावर मी जो हिरवा फिरवला, तो ऑइल नव्हता. पोस्टर कलर होता, पाण्यातला. ऑइलचा डबा शेजारीच होता, पण हात तिकडं गेला नाही. मनात म्हटलं होतं, फोटो झाला की ओल्या फडक्यानं पुसून टाकू. पुसला नाही. गुंडाळून वर टाकला.

सलोनी क्लासमध्ये सगळ्यांना सांगते, तेलावर पाण्याचा रंग टिकत नाही, लक्षात ठेवा. मला काय ते नव्यानं कळायचं होतं? उलगडल्यावर कोपऱ्यात बघितलं तर हिरव्या रंगाच्या खपल्या फरशीवर पडलेल्या आणि तुझं नाव जसंच्या तसं. मला पुसावंही लागलं नाही. मी खाली बसून खपल्या वेचल्या. शेफालीनं चहा आणून शेजारी ठेवला आणि आत गेली. शहाणी आहे पोर.

प्रदर्शन ८ आणि ९ फेब्रुवारीला आहे, क्लासमध्येच, सकाळी दहा ते रात्री आठ. सलोनीला विचारून मी तुझा पडदा मागच्या अख्ख्या भिंतीला लावतोय. खाली पाटी असेल: 'चित्रकार जयसिंग, खडकवासला.' पाटी मी लिहिणार, वाकडी आली तरी.

माझं चित्र अजून अर्धं आहे. मधे डोंगर घालायला तीनदा ब्रश उचलला. हात आपोआप डावीकडं जातो. काल सलोनी म्हणाली, काका, आता राहू दे, असंच लावू. नाव मात्र घातलेलं नाही. एकदा वाटलं, तुझं घालावं. मग चित्राकडं बघितलं आणि म्हटलं, हा दुसरा गुन्हा होईल.

ये रे. भांडायला ये. चार माणसांत मला काय हवं ते बोल, मी मान खाली घालून ऐकेन. फक्त ये.

संपत


१० फेब्रुवारी २०२५

जयसिंगा,

शनिवारी दहापासून दाराकडं तोंड करून खुर्चीत बसलो होतो. जिन्यात पाऊल वाजलं की उठायचो. निम्मी माणसं खालच्या दवाखान्यातली निघायची. रविवारी दोन वाजेपर्यंत तेच. शेवटी शेफालीनं दंडाला धरून जेवायला नेलं, समोरच, अर्धा तास. आणि तू बरोबर त्याच अर्ध्या तासात आलास. तुला वेळ साधता येत नाही हे मी जन्मभर सांगतोय.

मी परत आलो तर सलोनी दारातच उभी, हाताला रंग लागलेला, डोळे हे एवढे. म्हणाली, "काका, एक आजोबा आले होते. टोपीवाले. आधी पडद्यासमोर उभे राहिले. नावावर बोट फिरवलं. मग तुमच्या चित्रापाशी आले आणि म्हणाले, हे पुरं झालेलं नाय, बाय. ब्रश हाय का?" तिनं विचारलं, "आपण कोण?" तर म्हणे, "गिऱ्हाईक हाय समज."

ती पोरगी हुशार आहे. तिनं पेटी उघडून दिली.

वीस मिनिटं लागली म्हणाली. डावीकडचा माझा गड तू आभाळात पुसून टाकलास आणि मधोमध उभा केलास. थेट मधोमध, गिऱ्हाईकाच्या जागेवर, टॉवरसकट. लांबचा आहे म्हणून जरा निळा. आता त्या चित्रापुढं कुणाचाही फोटो काढला तर डोक्यातून डोंगर उगवेल. मी हसायला लागलो, मग दुसरं काहीतरी व्हायला लागलं. शेफालीनं पाणी दिलं.

आणि मग कोपरा बघितला.

'संपत.' तुझ्या हातचं. शिरोरेषा उताराला लागलेली, 'प'चं पोट सुटलेलं, आणि अनुस्वार 'स'वरून घसरून 'प'च्या डोक्यावर जाऊन बसलेला. इतकं वाईट अक्षर सदाशिव पेठेत कुठल्या भिंतीवर नसेल. जन्मात तू ब्रशनं अक्षर लिहिलं नाहीस, आणि लिहिलंस ते माझं नाव. आपल्या डोंगराखाली.

हा टोमणा आहे का? 'घे, याही डोंगराखाली तुझंच नाव घे', असा? रात्रभर तोच विचार. तुझ्यासारख्या माणसाचं काही सांगता येत नाही. टोमणा असेल तर तो मला लागला आणि मी तो घेतला. दुसरं काही असेल तर तेही घेतलं. मला वाटतं दोन्ही आहे. पण तू जिना चढून आलास, जयसिंगा. बाहत्तर वर्षांचा तू, दोन मजले.

आज सकाळी क्लास उघडायच्या आत जाऊन बसलो. सलोनीनं बारीक ब्रश दिला आणि शहाण्यासारखी खाली चहाला गेली. हात फार थरथरत होता, म्हणून डाव्या हातानं उजवं मनगट आवळून धरलं. तू लिहिलेलं आहे तसंच ठेवलं, अनुस्वारालाही हात लावला नाही. त्याच्या आधी, त्याच रेघेत, 'जयसिंग' लिहिलं. चार अक्षरांना एक तास लागला. माझ्या इतक्या वर्षांच्या धंद्यातलं सगळ्यात वाकडं काम आहे. सलोनी वर येऊन म्हणाली, "दोन नावं?" म्हटलं, हो, दुकानाचं नाव आहे.

वरवर वाळायला आठवडा लागेल म्हणते. पुढच्या सोमवारी सकाळच्या बसनं चित्र घेऊन येतो. वहिनींना सांग, काडेपेटी आणतोय, घरात पडून आहे.

या वेळी नाव ऑइलनं लिहिलंय. पुसणार नाही.

संपत